सुडोकूच्या अ‍ॅपमध्ये बारीक नोट्स कशा लिहाव्यात आणि किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागदावर पेन्सिलने बारीक आकडे लिहीत सुडोकू सोडवायची जुनी सवय आहे. आता फोनवरच्या अशा अ‍ॅपमध्ये सोडवता, जिथे नोट्स हाताने लिहिल्यासारख्या उमटतात. सोपी आणि मध्यम कोडी सुटतात. अवघड पातळीवर मात्र घरं बारीक आकड्यांनी भरून जातात, पुढचं काही सुचत नाही, आणि दोन कोडी तशीच अर्धवट पडून आहेत. तर नोट्स अ‍ॅपलाच भरू द्याव्यात, की हातानेच लिहाव्यात? आणि लिहायच्या तर किती?

आधी उत्तर सांगते, मग कारणं. हातानेच लिहा. सुरुवातीला फार थोडं लिहा. आणि प्रत्येक बारीक आकड्याचा अर्थ एकच ठेवा. नोट्स आपोआप भरायची सोय अगदी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवा. गेली अठरा-वीस वर्षं मी जवळजवळ रोज एक कोडं सोडवते आणि अनेकांना शिकवलंही आहे. मध्यम पातळीवरून पुढे सरकत नाही म्हणून जे माझ्याकडे आले, त्यांच्यातल्या बहुतेकांना तंत्रं पुरेशी येत होती. त्यांच्या नोट्सच गढूळ झालेल्या होत्या.

पुढे घरांचा उल्लेख सोपा जावा म्हणून एक पद्धत ठरवून घेऊ. आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ, आणि नऊ घरांचा तो चौकोन. घर २-५ म्हणजे दुसरी ओळ, पाचवा स्तंभ.

सुडोकू सोडवताना आपण आलटून पालटून दोनच प्रश्न विचारत असतो. पहिला, हा आकडा या चौकोनात कुठे बसेल? दुसरा, या घरात कोणकोणते आकडे बसू शकतील? वरवर दोन्ही सारखेच वाटतात, पण एकाचं उत्तर आकड्याविषयी असतं आणि दुसऱ्याचं घराविषयी. पेन्सिल हातात असली की हा फरक हातच सांभाळतो. ‘७ इथे किंवा तिथे’ असं कळलं की आपण घराच्या कोपऱ्यात हलकेच ७ टिपतो. ‘या घरात २, ५ किंवा ८’ असं ठरलं की तिन्ही आकडे घराच्या मधोमध शेजारीशेजारी लिहितो. नंतर नुसती जागा बघून आठवतं की त्या वेळी आपण काय म्हणत होतो.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये नेमकं हेच हरवतं. तिथे घराचे नऊ भाग केलेले असतात आणि फोनच्या बटणांप्रमाणे १ वरच्या डाव्या कोपऱ्यात, ९ खालच्या उजव्या कोपऱ्यात, अशी प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली असते. अक्षराचं वळण कितीही हातासारखं दिसो, तुम्ही लिहिलेला ७ त्याच्या ठरलेल्या जागीच जाऊन बसतो. तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर होता, हे घराकडे बघून कळायला मार्ग उरत नाही. तुमची घरं ‘भरून जातात’ त्याचं मूळ मला इथे दिसतं. दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच घरात एकमेकांवर पडली आहेत.

म्हणून अ‍ॅपमध्ये कोपऱ्यातली नोट आणि मधली नोट असे दोन प्रकार आहेत का, हे सर्वांत आधी बघा. असले तर निम्मं काम झालं. नसले तरी अडत नाही, त्याचा उपाय पुढे सांगते.

आता कोपऱ्यातल्या नोटेचा नियम. एखादा आकडा एका चौकोनात फक्त दोनच घरांत बसू शकत असेल, तरच तो त्या दोन घरांच्या कोपऱ्यात लिहायचा. तीन जागा असतील तर लिहायचा नाही. ही पद्धत थॉमस स्नायडर यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी २००७, २००८ आणि २०११ अशी तीन वेळा जागतिक सुडोकू स्पर्धा जिंकली आहे. स्पर्धेत वेळ वाचावा म्हणून कमी लिहायचं, असं वरकरणी वाटतं. पण घरी निवांत सोडवणाऱ्यालाही या नियमाचा तितकाच फायदा होतो.

एक उदाहरण घेऊ. वरच्या रांगेतला मधला चौकोन, म्हणजे ओळी १ ते ३ आणि स्तंभ ४ ते ६. या चौकोनात २-६ मध्ये ३ आणि ३-५ मध्ये ९ दिलेले आहेत, बाकीची सात घरं रिकामी. पहिल्या ओळीत दुसरीकडे ७ आहे, आणि चौथ्या स्तंभात खाली कुठेतरी ७ आहे. मग या चौकोनात ७ ला पहिली ओळ बंद, चौथा स्तंभही बंद. उरली फक्त दोन घरं, २-५ आणि ३-६. दोन्हींच्या कोपऱ्यात ७ लिहा.

पुढे ४ कडे आलात. ४ सुद्धा पहिल्या ओळीत दुसरीकडे आहे आणि चौथ्या स्तंभातही आहे. म्हणजे ४ लाही तीच दोन घरं. लिहायला गेलात की तिथे ७ आधीच बसलेला दिसतो. दोन आकडे, दोनच घरं. त्यामुळे ही दोन घरं ४ आणि ७ यांच्यासाठी राखीव झाली. या चौकोनातले उरलेले १, २, ५, ६, ८ हे पाच आकडे उरलेल्या पाच घरांतच जाणार. १ ची जागा शोधताना आता या दोन घरांकडे बघायचंसुद्धा नाही.

हीच स्थिती अ‍ॅपने आपोआप भरलेल्या नोट्समध्ये कशी दिसते बघा. २-५ मध्ये कदाचित १, ४, ६, ७ असतील आणि ३-६ मध्ये १, २, ४, ७. बाजूच्या पाच घरांतही तीन-तीन, चार-चार आकडे. ४ आणि ७ ची जोडी त्या गर्दीत डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही. जाणकार हिला लपलेली जोडी म्हणतात आणि तिला अवघड तंत्रांत गणतात. पण कोपऱ्यातल्या नोटेने सोडवणाऱ्याला ती शोधावी लागत नाही, लिहिता लिहिता ती हाताखाली तयार होते. थोडं लिहा म्हणते ते यासाठी. २५ आकडे दिलेल्या कोड्यात ५६ घरं रिकामी असतात आणि आपोआप भरलेले बारीक आकडे सहज दोनशेच्या घरात जातात. त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा ‘अजून खोडलेला नाही’ एवढंच सांगतो. तुम्ही हाताने लिहिलेला कोपऱ्यातला ७ मात्र तुम्ही शोधून काढलेली गोष्ट सांगतो.

याच नोटेचा आणखी एक उपयोग होतो. एखाद्या आकड्याच्या दोन्ही खुणा एकाच ओळीत पडल्या, तर ती ओळ त्या आकड्यासाठी चौकोनाबाहेर बंद होते. अगदी मधल्या चौकोनात ५ फक्त ४-४ आणि ४-६ मध्ये बसत असेल, तर चौथ्या ओळीचा ५ तिथेच लागणार. उजवीकडच्या आणि डावीकडच्या चौकोनांत ५ शोधताना चौथी ओळ सोडून द्यायची. उत्तर अजून मिळालेलं नसतं, तरी त्या खुणा ठरलेल्या आकड्यासारख्या कामाला येतात.

तीन जागांची नोट का नको, असं बरेच जण विचारतात. दोन जागांच्या नोटेला जोडीदार असतो. एक खूण खोडली गेली की दुसरी त्याच क्षणी उत्तर होते. तीन जागांच्या नोटेत एक खूण खोडली गेली तर दोन उरतात, आणि मग त्या मुळात तीन होत्या की दोन, हे पुढच्या वेळी आठवत नाही. एकदा ही सरमिसळ झाली की सगळ्याच खुणांवरचा भरवसा उडतो.

आता खोडण्याविषयी. माझ्या मते नोट्स लिहिण्यापेक्षा खोडताना जास्त कोडी सुटतात, आणि अ‍ॅप नेमकं हेच काम आपल्या हातून काढून घेतं.

एखाद्या घरात मोठा आकडा, म्हणजे पक्कं उत्तर, भरला की त्याचा परिणाम वीस घरांवर होतो. ओळीतली आठ, स्तंभातली आठ, आणि चौकोनातली यांत न आलेली चार. कागदावर आपण त्या वीस घरांवरून नजर फिरवतो आणि तो आकडा जिथे जिथे बारीक लिहिलेला असेल तिथे खोडतो. दर वेळी खोडताना एक प्रश्न विचारायचा: या खुणेचा जोडीदार कुठे आहे? वरच्याच उदाहरणात समजा उजवीकडच्या चौकोनात ३-९ मध्ये ७ भरला. तिसऱ्या ओळीत ७ आला, म्हणून ३-६ मधला बारीक ७ खोडायचा. त्याचा जोडीदार २-५. मग २-५ मध्ये ७ पक्का. ती दोन घरं ४ आणि ७ साठी राखीव होती, म्हणून ३-६ मध्ये ४ पक्का. आता या नव्या ७ ची वीस घरं बघायची, मग नव्या ४ ची. कधी कधी एका खोडण्यातून दहा-बारा घरं लागोपाठ भरली जातात. सुडोकूतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच.

अ‍ॅपमध्ये ‘नोट्स आपोआप खोडा’ ही सोय चालू असेल तर ३-६ मधला बारीक ७ गुपचूप नाहीसा होतो. तुमची नजर ३-९ वर असते, नाहीसं झालेलं तिला दिसत नाही. २-५ मध्ये उत्तर तयार होऊन बसलेलं असतं आणि तुम्ही भलतीकडे शोधत असता. म्हणून कोपऱ्यातल्या नोट्सच्या टप्प्यात ही सोय बंद ठेवा. हाताने खोडायला वेळ लागतो खरा, पण त्या वेळात कोडं पुढे सरकत असतं.

लिहायच्या पद्धतीबद्दलही एक गोष्ट सांगते. अ‍ॅपमध्ये आकडे भरायच्या सहसा दोन तऱ्हा असतात. आधी घर निवडून मग आकडा, किंवा आधी आकडा निवडून मग एकेक घर. बहुतेक जण जी आधीपासून चालू असते तीच वापरत राहतात. पण कोपऱ्यातल्या नोट्स लिहिताना आपला प्रश्न ‘७ कुठे?’ असा असतो, म्हणून आधी ७ निवडा आणि नऊही चौकोनांतून फिरा. मधल्या नोट्स लिहिताना प्रश्न ‘या घरात काय?’ असा असतो, तिथे आधी घर निवडा. प्रश्नाप्रमाणे तऱ्हा बदलली की मन भरकटत नाही. आकड्यांची सुरुवातही १ पासूनच करायला हवी असं नाही. जो आकडा सर्वांत जास्त वेळा दिलेला असेल त्याच्यापासून करा, कारण त्याला उरलेल्या जागा कमी असतात.

तुमचं अ‍ॅप स्टायलसने, म्हणजे पडद्यावर लिहायच्या पेनाने, किंवा बोटाने लिहिलेलं ओळखून आकडा उमटवत असेल, तर वळणाकडे लक्ष द्या. अशी अ‍ॅप सहसा इंग्रजी आकडे ओळखतात आणि त्यांत १ व ७ यांची, तसंच ४ व ९ यांची गल्लत होते. ७ ला मधे आडवी रेघ द्या, १ म्हणजे नुसती उभी रेघ, ४ वरून उघडा ठेवा. कागदावर देवनागरी आकडे लिहिणाऱ्यांचा घाईत १ आणि ९ मध्ये असाच घोटाळा होतो. बारीक आकडा चुकीचा ओळखला गेला तर लगेच लक्षात येत नाही, पंधरा मिनिटांनी गाडी अडते तेव्हा कळतं. म्हणून लिहिल्यावर बोट उचलून एकदा बघायची सवय लावा. काही अ‍ॅपमध्ये ओळखायची भानगडच नसते, तुमची रेघ रेघच राहते, अगदी कागदासारखी. मला ती पद्धत सर्वांत आवडते. कोपरा, मध्य, अधोरेखन, गोल, सगळं आपल्या हातात राहतं. फक्त मोठ्या पडद्यावर ती बरी पडते, फोनवर बोटाखाली घरच झाकलं जातं.

आता अडण्याची वेळ. एकूणएक आकडे घेऊन दोन फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्या फेरीत एकही नवी खूण किंवा उत्तर मिळालं नाही, तर कोपऱ्यातल्या नोट्सचं काम सध्यापुरतं संपलं असं समजा. त्याआधी मधल्या नोट्सना हात लावू नका.

मधल्या नोट्स सगळीकडे एकदम लिहू नका. जिथे तीन किंवा चारच घरं रिकामी आहेत अशी ओळ, स्तंभ किंवा चौकोन शोधा. त्यातल्या प्रत्येक रिकाम्या घरात बसू शकणारे सगळे आकडे मधोमध लिहा. इथे नियम कोपऱ्याच्या अगदी उलट आहे. कोपऱ्यात निवडक लिहायचं, मध्ये लिहायला घेतलं तर एकही सोडायचा नाही. मधली नोट अर्धवट राहिली तर न लिहिलेला आकडा ‘बसत नाही’ असा वाचला जातो, आणि प्रत्यक्षात तो फक्त तपासायचा राहिलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांची निम्मी कोडी इथेच बिघडतात. मध्येच फोन वाजला, दार वाजलं, तर त्या घरातली नोट पुसून टाका आणि परत आल्यावर नव्याने लिहा.

मधल्या नोट्समध्ये बघायचं काय? आधी एकच आकडा उरलेलं घर. मग एकाच ओळीत, स्तंभात किंवा चौकोनात तेच दोन आकडे असलेली दोन घरं. मग तिघांचा गट, जो लोकांच्या नजरेतून हमखास सुटतो. एका ओळीतल्या तीन घरांत ‘२ व ५’, ‘५ व ८’ आणि ‘२ व ८’ असे आकडे लिहिलेले असतील, तर कुठल्याच घरात तिन्ही आकडे नाहीत, तरीही २, ५, ८ या तीन घरांतच जाणार. ओळीतल्या बाकीच्या घरांतून हे तिन्ही खोडायचे. त्यातून बरंच काही मोकळं होतं.

एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. सुरुवातीची कित्येक वर्षं मी दोन्ही प्रकारच्या नोट्स एकाच जागी लिहायचे. २-५ मध्ये ४ आणि ७ दिसायचे, २-८ मध्येही ४ आणि ७. दुसऱ्या ओळीत जोडी सापडली म्हणून मी ओळीतल्या बाकीच्या घरांतून ४ आणि ७ खोडून टाकायचे. पण ते आकडे वेगवेगळ्या चौकोनांत ‘दोन जागांपैकी एक’ म्हणून टिपलेले असायचे. २-५ मध्ये प्रत्यक्षात १ सुद्धा येऊ शकत होता. कोपऱ्यात ४ आणि ७ आहेत म्हणजे घरात फक्त ४ किंवा ७ आहेत, असं होत नाही. ते दोन्ही आकडे एकाच चौकोनातल्या त्याच दोन घरांत असतील तेव्हाच घरं बंद होतात. शेवटच्या दहा घरांत कोडं मोडायचं आणि चूक कुठे झाली ते कळायचं नाही. कोपरा आणि मध्य वेगळे केल्यावर ही चूक आठवड्याभरात थांबली.

तुमच्या अ‍ॅपमध्ये नोट्सचा एकच प्रकार असेल तर तो उपाय आता सांगते. पहिल्या टप्प्यात प्रत्येक नोट कोपऱ्यातलीच समजा, म्हणजे चौकोनात दोन जागा असतील तरच लिहा. दोन घरं जोडीने बंद झाली की त्यांना रंग द्या. रंगीत घराचा अर्थ, ‘इथे हेच दोन, तिसरा नाही’. मग अडलात की रंगीत घरं तशीच ठेवून बाकीच्या सगळ्या नोट्स पुसा आणि तिथून पुढे प्रत्येक नोट मधली समजा. पुसायला जीवावर येतं हे मला माहीत आहे. तरी पुसा. एका वेळी पटावर एकाच भाषेतल्या नोट्स असायला हव्यात.

एवढं करूनही कोडं सुटलं नाही, तर ते खरोखर अवघड आहे. आता नोट्स आपोआप भरायची सोय वापरायला माझी काहीच हरकत नाही. दीडशे-दोनशे आकडे हाताने लिहिण्यातून या टप्प्यावर नवं काही शिकायला मिळत नाही, आणि हाताने लिहिताना एखादा सुटायची भीती असते. मात्र सोय चालू केल्यावर लगेच एक काम करा. बहुतेक अ‍ॅप फक्त भरलेले मोठे आकडे बघून नोट्स भरतात. तुम्ही आधी काढलेले निष्कर्ष त्यांना माहीत नसतात. राखीव जोडीच्या घरांत १, २, ६ परत येऊन बसतात, चौथ्या ओळीतून काढून टाकलेला ५ परत दिसू लागतो. म्हणून चालू करण्यापूर्वी कोपऱ्यातल्या नोट्सचं स्क्रीनशॉट घेऊन ठेवा आणि ते सगळं खोडकाम परत करा. हे न करता लोक नवी तंत्रं शोधत बसतात आणि मागे पडतात. आपोआप खोडायची सोय मात्र आता चालू करायला हरकत नाही.

पूर्ण नोट्स भरलेल्या पटावर मी क्रमाने दोन गोष्टी बघते. पहिली, एकेक आकडा निवडून त्याच्या सगळ्या जागा उजळून बघणं. समजा दुसऱ्या ओळीत ६ फक्त तिसऱ्या आणि आठव्या स्तंभात बसतो, आणि सातव्या ओळीतही नेमका त्याच दोन स्तंभांत. मग त्या दोन स्तंभांचे ६ या दोन ओळींतच लागणार, तिरपे कुठल्याही बाजूने का असेनात. तिसऱ्या आणि आठव्या स्तंभातल्या बाकीच्या घरांतून ६ खोडा. यालाच एक्स-विंग म्हणतात. नाव मोठं वाटतं, पण उजळलेल्या घरांचा आयत दिसला की लहान मूलही तो ओळखतं.

दुसरी, दोनच आकडे उरलेली घरं. अवघड कोड्यांची किल्ली बहुधा यांच्यात असते. घर २-२ मध्ये ३ व ८, घर २-७ मध्ये ३ व ५, आणि घर ६-२ मध्ये ५ व ८ अशी स्थिती घ्या. २-२ मध्ये ३ आला तर २-७ मध्ये ५ येतो. २-२ मध्ये ८ आला तर ६-२ मध्ये ५ येतो. काहीही झालं तरी त्या दोघांपैकी एका घरात ५ नक्की. मग ६-७ हे घर, जे एकाच्या स्तंभात आणि दुसऱ्याच्या ओळीत आहे, तिथे ५ येऊच शकत नाही. यात अंदाज कुठेच नाही. दोन्ही वाटांनी जाऊन आपण जे दोन्हीकडे सारखं आहे तेवढंच घेतलं. अशी घरं मी हलक्या रंगाने रंगवते, मग त्यांच्यातलं नातं नजरेत भरतं. अशाच ‘हे आलं तर ते येतं’ या तर्काच्या याहून लांब साखळ्या असतात, पण या दोन गोष्टी पक्क्या झाल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दिलेले आकडे कमी दिसले म्हणून घाबरून जाऊन लगेच पूर्ण नोट्स भरू नका, हेही सांगून ठेवते. एकच उत्तर असलेल्या कोड्यात कमीत कमी १७ आकडे दिलेले असावेच लागतात. १६ आकड्यांचं असं कोडं असूच शकत नाही, हे गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर प्रचंड शोध घेऊन दाखवलं. पण त्या १७ आकड्यांच्या कोड्यांतली कितीतरी साध्या नजरेने, एकही नोट न लिहिता सुटतात. उलट २६-२७ आकडे दिलेलं कोडं तासभर हलू देत नाही. अवघडपणा आकड्यांच्या मांडणीत असतो, आणि तो किती आहे ते पहिल्या दोन फेऱ्यांतच कळतं.

आणखी दोन सोयी बंद करा. चूक झाली की लगेच लाल करून दाखवणारी, आणि तीन चुकांनंतर डाव संपवणारी. पहिलीमुळे माणूस नकळत ‘भरून बघू’ या मार्गाला लागतो, दुसरीमुळे धास्तावतो. दोन्हींत विचार बाजूला राहतो. इशारा मागायचाच झाला तर उत्तर न भरता फक्त जागा दाखवणारा मागा, आणि ती जागा आपल्या नजरेतून का सुटली ते समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

राहिली तुमची अर्धवट पडलेली दोन कोडी. त्यातल्या सगळ्या बारीक नोट्स पुसून टाका, एकही ठेवू नका. मोठे आकडे राहू द्या, पण प्रत्येक ओळ, स्तंभ आणि चौकोन, अशा सत्तावीसही ठिकाणी एखादा आकडा दोनदा आलेला नाही ना ते बघा. शिवाय जो मोठा आकडा ‘असेल बहुतेक’ म्हणून भरल्याचं आठवतं, तो काढून टाका, आणि त्याच्या आधाराने जे भरलं होतं तेही. नक्की कोणते ते आठवत नसेल तर दिलेले आकडे सोडून बाकी सगळं पुसलेलं बरं. मग आपोआप खोडायची सोय बंद करा, सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा निवडा, आणि कोपऱ्यातल्या नोट्सची पहिली फेरी सुरू करा. दुसऱ्या फेरीनंतर गाडी परत अडली तर त्या वेळचा पट आणि तुमच्या खुणा जशाच्या तशा मला दाखवा, तिथून पुढचं एकत्र बघू.